दोन्ही टोकांना पिन

कराडला लागून असलेल्या मलकापुरात रस्त्याच्या कडेला माझं दुकान आहे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, गिझर दुरुस्त करायचे आणि मिळाली तर घरांच्या वायरिंगची कामं घ्यायची, हा माझा धंदा. वडील याच जागेत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे. मी आयटीआयला वायरमनचा कोर्स केला, काही वर्षं शिरवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आणि वडिलांना डोळ्यांनी तार दिसेनाशी झाली तेव्हा परत येऊन दुकानात बसलो. या कामात माणूस सुरुवातीला विजेला भितो. मग भीती जाते आणि काळजी उरते. पुढं कधीतरी काळजीही नुसती हाताची सवय होते, आणि ती कधी झाली हे लक्षात येत नाही.

जी गोष्ट सांगायची आहे ती चार वर्षांपूर्वीची आहे. शिराळ्याजवळच्या एका गावचे एक गृहस्थ आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. ऊस आहे, दोन म्हशी आहेत. बायको वारलेली. मुलगाही सैन्यात, तेव्हा कुठंतरी वर बर्फात होता. घरात सुभेदार, सून आणि नात, एवढीच माणसं. कराडला काही काम निघालं की ते माझ्या दुकानात थोडा वेळ बसून जात.

उन्हाळ्याचे दिवस होते. सुभेदार आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मेस्त्री, एक वायर करून द्या. पाच मीटर. दोन्हीकडनं पिन."

"कशाला?"

"इन्व्हर्टर फुडच्या खोलीत हाय. लाईट गेली की मागच्या खोलीत पंखा न्हाई. नात घामानं झोपत न्हाई. मेन बंद करायचा, एक पिन इन्व्हर्टरला, एक पिन मागच्या खोलीच्या बोर्डात. सगळी खोली चालू हुती. फौजेत आमी जनरेटरवर असंच करायचो."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नेहमीच्या वायरीला एका टोकाला पिन असते आणि दुसऱ्या टोकाला भोकं. करंट कायम भोकांच्या आत असतो, आणि पिन नुसती हातात असेल तर तिच्यात काही नसतं. वायरीला दोन्हीकडं पिन लावली की हे सगळं उलटतं. एक टोक करंटला लागलं की दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्यावर असतात आणि त्यांच्यात दोनशे तीस व्होल्ट असतात. दिसायला मात्र त्या कुठल्याही पिनांसारख्याच.

मी म्हणालो, "सुभेदार, हे बरं न्हवं. चेंजओव्हरचा खटका बसवून देतो. एका दिवसाचं काम हाय."

"घराला आत्ता रंग दिलाय. पावसाळा झाला की बघू. तवर वायर द्या." मग त्यांनी काउंटरवर बोट टेकवून क्रम सांगितला. "आधी मेन बंद. मग बोर्डातली पिन. सगळ्यात शेवटी इन्व्हर्टरची. काढताना उलटं. फौजेतल्यासारखी ड्रिल हाय ती. सुनंला शिकवतो, भिंतीवर लिवून लावतो."

मी वायर करून दिली. दहा मिनिटं लागली. चांगली तीन पदरी वायर घेतली, जाड पिनांचे टॉप, म्हणजे प्लग, घेतले, आतले स्क्रू दोनदा आवळले, वायर ओढली तरी निघू नये म्हणून पट्टी बसवली. काम चांगलं झालं होतं, हे सांगायला पाहिजे. त्या वायरीत दोष काही नव्हता.

अशा वायरी मी आधीही केल्या होत्या. मंडपवाल्यांना, दुकानदारांना, एका चहावाल्याला. मी नाही दिली तर पलीकडच्या गल्लीत मिळेल, असं मनात म्हणायचं आणि द्यायची. त्या दिवशी तसं म्हटलं की नाही ते आता आठवत नाही. बहुतेक म्हणायची गरजही वाटली नसेल.

दोन-अडीच महिन्यांनी सुभेदार पुन्हा आले. सकाळची वेळ होती, मी नुकतं शटर उघडून अगरबत्ती लावली होती. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि उघडलं. तीच वायर. नीट वेटोळं करून सुतळीनं बांधलेली.

"नातीनं तोंडात घातली," ते म्हणाले.

मी स्टूल पुढं सरकवलं. तेच पुढं बोलले. "चार दिस झाले. दोन दिस कराडला दवाखान्यात हुतो. काल घरी आणली. जिवाला काय न्हाई आता. ओठ जळलाय, डाव्या कोपऱ्याला."

"दूध पितीया?"

"चमच्यानं पितीया." ते स्टुलावर बसले. "जखम एवढीशी हाय मेस्त्री, शेंगदाण्याएवढी. पांढरी. रक्त न्हाई, काय न्हाई. तासाभरात पोरगी खेळाय लागली. मला वाटलं, हळद लावू आन् बघू. सून म्हणाली, न्हाई, डॉक्टर. तिनं ऐकलं न्हाई माझं, ते बरं केलं."

डॉक्टरांनी त्यांना जे सांगितलं होतं ते सुभेदारांनी मला जसंच्या तसं सांगितलं, हुकूम सांगावा तसं. ही जखम वरून लहान दिसते, आत खोल असते. वर खपली धरते. ओठाच्या आतून एक रक्तवाहिनी जाते, ती जळून कच्ची झालेली असते. खपली आठवड्या-दोन आठवड्यांनी सुटते, आणि सुटताना ती वाहिनी फुटली तर एकदम रक्त येतं, भरपूर येतं. तेव्हा घाबरायचं नाही. अंगठा ओठाच्या आत, बोट बाहेर, चिमटीत धरून दाबायचं आणि तसंच दवाखान्यात यायचं. सोडून बघायचं नाही. डॉक्टरांनी सुनेचा हात धरून तिला चिमूट कशी धरायची ते दाखवलं होतं.

"चूक कुणाची म्हणून आलो न्हाई," सुभेदार उठता उठता म्हणाले. "घरातलं सगळं वायरिंग बघाय चला. उद्यापासनं."

ते गेल्यावर मी वायर खाली टेबलावर घेतली. एका टॉपच्या दोन पिनांच्या मध्ये प्लास्टिकवर काळा डाग होता, नखाएवढा. मी तो पुसून पाहिला. पुसला गेला नाही. मग बराच वेळ एका मिक्सरचं काम केलं.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "तुमीच केलेली का ती?" मी हो म्हणालो. जेवण झाल्यावर तिनं आमच्या घरातला पलंगाखालचा एक्स्टेंशन बोर्ड काढून माळ्यावर टाकला. तो तिथं पाच-सहा वर्षं तसाच पडून होता, आणि सांगलीहून मुलगी आली की तिची लहान मुलं त्याच पलंगाखाली खेळायची.

दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन सुभेदारांच्या घरी गेलो. पुढं ओटा, तीन खोल्या एकामागं एक, आणि मागं गोठा. नात मधल्या खोलीत सतरंजीवर होती. सव्वा वर्षाची. तिनं तोंडाला हात लावू नये म्हणून दोन्ही कोपरांना जाड पुठ्ठा गुंडाळून वर फडकं बांधलं होतं. हात वाकत नसल्यानं ती ते ताठ पुढं धरून घरभर चालायची आणि भिंतीशी आली की तशीच थांबायची. ओठाच्या कोपऱ्यात करडी-काळी खपली. बाकी चेहरा साधा, कुठल्याही पोराचा असतो तसा.

सुनेनं पहिल्या दिवशी माझ्याशी बोलणं टाळलं. चहा आणून ठेवला आणि आत गेली. भिंतीवर बोर्डाशेजारी सुभेदारांचा कागद चिकटवलेला होता. मोठ्या अक्षरांत एक, दोन, तीन, आणि शेवटी खाली रेघ.

दुसऱ्या दिवशी सुभेदार पाण्याची पाळी आहे म्हणून रानात गेले. मी मागच्या खोलीत वायरिंगची पट्टी ठोकत होतो. सून दारात येऊन उभी राहिली. नात तिच्या कडेवर होती.

"मेस्त्रीमामा, तुमाला सांगते," ती म्हणाली. "आण्णांना सगळं सांगितलेलं न्हाई."

सासऱ्यांना ती आण्णा म्हणायची. मी हातोडी खाली ठेवली.

ती सपाट आवाजात सांगत गेली. दुपारी लाईट गेली. आण्णा घरी नव्हते. पोरगी झोपायला आली होती, म्हणून तिनं मेन बंद केला आणि वायर घेतली. कागदावर काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. पण इन्व्हर्टर जवळ होता, तर ती पिन आधी घातली आणि दुसरं टोक घेऊन मागच्या खोलीकडं निघाली. तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा. तिकडं रेंज मिळाली तर दोन-तीन दिवसांतून एकदा फोन लागायचा, आणि नाही उचलला तर परत कधी लागेल त्याचा भरवसा नसायचा. तिनं हातातलं टोक सतरंजीच्या कडेला ठेवलं आणि फोन उचलला. पोरगी पलीकडं वाटीशी खेळत होती.

"दोन वाक्यं झाली असतील. कशी हायस, म्हणाले. बरी हाय, म्हणाले मी. मागं चट असं वाजलं."

पोरगी रडलीही नाही लगेच. वायर तोंडात तशीच. हिनं वायरीला धरून हिसका मारला, टोक बाहेर आलं, मग पोरीनं रडायला सुरुवात केली.

"फोन चालूच हुता," ती म्हणाली. "त्यांनी सगळं ऐकलं. काय झालं, काय झालं म्हणत हुते. मग रेंज गेली. परत लागला तो दुसऱ्या दिवशी रात्री."

"आणि आण्णांना काय सांगितलं?"

"देवापाशी दिवा लावत हुते म्हणून. फोन त्यांचा हुता हे सांगू नका. आण्णा त्यांना बोलतील, आन् ते तिकडं एकटे हायत."

मी नाही सांगणार म्हणालो. मला वाटलं आपलंही सांगून टाकावं. मी म्हणालो, "वायर मी केली हुती."

"माहीत हाय मला."

"द्यायला नको हुती."

"व्हय," ती म्हणाली. "द्यायला नको हुती."

एवढंच. ती राग काढत नव्हती आणि मला मोकळंही करत नव्हती. पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, आणि मी पुन्हा पट्टी ठोकायला लागलो.

नंतर पुष्कळांनी मला विचारलं, शॉक बसला की वीज तोडणारा तो नवा ब्रेकर घरात असता तर पोरीचा ओठ वाचला नसता का. तो ब्रेकर बसवावाच, मी सगळ्यांना बसवायला सांगतो, आणि सुभेदारांच्या घरातही बसवला. पण इथं त्याचा उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. करंट अंगातून जमिनीत गेला तर तो ब्रेकर पडतो. इथं तो एका पिनेतून निघून ओल्या ओठातून दुसऱ्या पिनेत परत गेला. जेवढा गेला तेवढा परत आला. इन्व्हर्टरच्या हिशेबी तो एक छोटा बल्ब लागला होता. हे मी कागदावर मांडून पाहिलं, दोनदा.

शुक्रवारी नमाजामुळं मी गेलो नाही. शनिवारी गेलो तो अपघातानंतरचा आठवा दिवस होता. काम संपत आलं होतं. चेंजओव्हर बसला होता, लाईट गेली की एक खटका फिरवायचा, वायर कुठं न्यायची गरजच नाही. जमिनीलगतचे बोर्ड छातीएवढ्या उंचीवर घेतले होते. इस्त्रीची वायर जिथून चावली गेल्यासारखी फाटली होती तिथं चिकटपट्टी होती. ती मी सगळी कापून नवी घातली. सुभेदार शेजारी उभं राहून प्रत्येक स्क्रू बघत होते.

अकराच्या सुमाराला ओट्यावर नातीला शिंक आली. शिंकेचा आवाज मी ऐकला. मागोमाग सुनेचा आवाज आला, फार मोठा नव्हता. "आण्णा, गाडी काढा."

मी बाहेर आलो तेव्हा तिची चिमूट ओठावर बसलेलीही होती. पोरीच्या झबल्याचा पुढचा भाग पूर्ण लाल झाला होता, आणि ओट्याच्या फरशीवर लांबपर्यंत शिंतोडे होते. एवढ्याशा ओठातून एवढं रक्त येईल असं, डॉक्टरांनी सांगितलेलं असूनही, आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं. सुभेदारांनी जीप काढली. सून पोरीला घेऊन मागं बसली आणि मी तिच्या शेजारी. मला कोणी या म्हटलं नव्हतं, आणि नको असंही म्हटलं नाही.

पोरगी हातपाय झाडत होती. पुठ्ठा बांधलेले हात सुनेच्या हनुवटीवर आपटत होते. पेठ नाक्याला हायवेला लागेपर्यंत तिनं धरून ठेवलं. मग म्हणाली, "मामा, माझं बोट वळलंय. सरकतंय. तुमी धरा."

मी हात पुढं केला. माझ्या हाताला सिमेंट आणि चुना लागलेला होता.

"आधी हात धुवा," ती म्हणाली.

सीटखाली पाण्याची बाटली होती. मी खिडकीतून हात बाहेर काढून धुतले, चालत्या गाडीत, निम्मं पाणी माझ्याच अंगावर. मग तिनं सांगितलं तसं, आधी माझं बोट तिच्या बोटाला लावून, तिचं निघताक्षणी माझं बसेल असं, मी ओठ धरला. अंगठा आत, बोट बाहेर. पोरीचे खालचे दोन दात माझ्या अंगठ्याला लागत होते. ओठ इतका पातळ होता की मला वाटत होतं आपण जास्त दाबतोय. पण सैल केलं की अंगठ्याखाली ओलं व्हायचं. थोड्या वेळानं बोटाला बारीक ठोका लागायला लागला, घड्याळासारखा. तो ठोका बोटाखाली ठेवायचा, एवढंच मी करत होतो. बाहेर कासेगाव गेलं. सुभेदार मान न वळवता विचारायचे, "धरलंय का?" मी म्हणायचो, "धरलंय." आमच्यात एवढंच बोलणं झालं, पाच-सहा वेळा. मलकापुरात माझ्या दुकानावरून गेलो. शटर बंद होतं आणि बाहेर एक बाई पंखा घेऊन उभी होती.

दवाखान्यात माझं बोट लगेच सोडवलं नाही. नर्सनं मला तसंच पोरीबरोबर आतपर्यंत चालवत नेलं. डॉक्टर आले, हातमोजे घातले, आणि मग म्हणाले, "आता सोडा." मी सोडलं. त्यांनी धरलं. मी बाहेर येत असताना नर्सनं विचारलं, "तुम्ही आजोबा का?"

"न्हाई," मी म्हणालो. "ती वायर मी बनवली हुती."

ती थांबली. माझ्या शर्टाकडं बघितलं. "बाहेर बसा," म्हणाली. "तिकडं नळ आहे, हात धुऊन घ्या."

बाकड्यावर सुभेदार ताठ बसले होते. सून दाराशी उभी होती, तिला आत घेतील म्हणून. सुभेदार माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तिला तीनदा करून दाखवलं हुतं. तीनदा करून घेतलं. चुकली न्हाई एकदाबी."

मला फोनचं माहीत होतं.

"फौजेत चालतंय ते," ते म्हणाले. "तिथं फोन वाजत न्हाई, पोरगं रांगत न्हाई. घरात न्हाई चालत." म्हणजे फोनचं त्यांना कळलेलं होतं. एवढं बोलून ते उठले आणि बाहेर जीप नीट लावायला गेले. ती दारातच वाकडी उभी होती.

एका टाक्यात काम झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वाहिनी बांधली आहे, तीन दिवस इथंच ठेवू. रक्त बरंच गेलं आहे, पण वेळेत आणलं. धरून कोणी ठेवलं असं त्यांनी विचारलं. सून म्हणाली, "आमी दोघांनी."

त्यानंतर मी एक काम केलं, ते फारसं जमलं नाही. पूर्वी करून दिलेल्या तसल्या वायरी परत आणायला निघालो. आठवल्या त्या सात. चहावाल्यानं हसत काढून दिली. त्याला ती नकोच होती. एका बाईंकडं ती परसात बांधलेली होती, तिच्यावर कपडे वाळत होते. त्यांनी बदली दोरी आणून द्या म्हटलं, ती मी दिली. शिरवळला कारखान्यातल्या जुन्या ओळखीच्या माणसाकडं गेलो. तो म्हणाला, "गड्या, माझ्याकडं लहान पोर न्हाई. आणि लाईट गेल्यावर काय अंधारात बसू?" त्यानं दिली नाही. मंडपवाला म्हणाला, तुझी कुठली आणि दुसऱ्याची कुठली, माझ्याकडं पंधरा आहेत. शेवटी चार परत आल्या. त्यांची टोकं कापली आणि वायर दुसऱ्या कामाला वापरली. दुकानात अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी दोन्हीकडनं पिन मागतं. मी देत नाही. काहीजण कारण ऐकून घेतात. काहीजण पलीकडच्या गल्लीत जातात आणि वायर घेऊन माझ्या दुकानावरूनच परत जातात.

नातीचं प्रकरण तिथं मिटलं नाही. जखम भरताना कातडी आखडते आणि तोंड एका बाजूनं लहान होत जातं, म्हणून सांगलीच्या एका दातांच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी प्लास्टिकचा एक साचा बनवला. तो ओठांचे दोन्ही कोपरे ताणून धरायचा. जेवताना तेवढा काढायचा, बाकी दिवसरात्र तोंडात. आठ-नऊ महिने. पहिले काही दिवस तिनं तो थुंकून टाकला, एकदा म्हशीच्या घमेल्यात टाकला. मग सवय झाली. दर महिन्याला सांगलीला दाखवायला जावं लागे. माझी मुलगी तिथंच राहते, म्हणून सून आणि नात त्या दिवशी दुपारी तिच्याकडं जेवायला थांबू लागल्या. त्या दोघींची चांगली ओळख झाली. दोघींत काय बोलणं व्हायचं मला माहीत नाही. एकदा मुलीनं फोनवर एवढंच सांगितलं, "अब्बा, पोरगी बोलाय लागली. साचा घालूनच बोलती, पण कळतं."

सुभेदार येत राहिले. पूर्वीसारखेच, कराडचं काम झालं की. त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही. पण काउंटरवर एखादं गिऱ्हाईक फाटकी वायर चिकटपट्टी लावून मागायला लागलं, तर ते स्टुलावरून शांतपणे म्हणायचे, "नवी घ्या." लोक त्यांचं ऐकायचे. मिशा आणि आवाज, दोन्ही तसे होते.

गेल्या वर्षी सुभेदारांच्या मुलाला उत्तरेतल्या एका छावणीत फॅमिली क्वार्टर मिळालं. सून आणि नात तिकडं गेल्या. शिराळ्याला नागपंचमी झाली, त्यानंतर चार-पाच दिवसांनी दुपारी मला सुनेचा व्हिडिओ कॉल आला.

"मेस्त्रीमामा, कामात हाय का?"

"न्हाई, बोल."

"क्वार्टर दाखवते तुमाला. बोर्ड बघा जरा."

तिनं फोन उलटा धरून घर दाखवायला सुरुवात केली. खोल्या मोठ्या होत्या, भिंतींना पिवळट रंग. बोर्ड खालीच होते, जुन्या पद्धतीचे. मी म्हणालो, हा वापरात नसेल तर त्याला झाकण मिळतं ते लाव. इथं कपाट सरकवून घे. ही फ्रीजची वायर मागून घे, दाराच्या बाजूनं नको. स्वयंपाकघरात ओट्यावर पाणी तापवायची किटली होती. तिची वायर ओट्याच्या कडेवरून खाली लोंबत होती.

"किटली मागं सार," मी म्हणालो. "वायर खाली यायला नको. पोरानं ओढली की उकळतं पाणी अंगावर. आणि काम झालं की नुसती किटलीतनं काढून ठेवू नको. भिंतीतनंच काढायची."

"किटलीतनं काढली तर काय?"

"मग सुटं टोक चालू राहतं. त्याच्या भोकांत करंट असतो."

ती थांबली. स्क्रीनवर तिचा हात पुढं आला आणि भिंतीतली पिन काढली. वायर गुंडाळून ती किटलीच्या मागं ठेवली. मग पुढच्या खोलीत गेली.

"हे गिझरचं बघा," म्हणत असतानाच मागून दार वाजल्यासारखं झालं. "थांबा मामा, ती शाळेतनं आली वाटतं." फोन तिनं कुठंतरी उताणा ठेवला असावा, कारण मला नुसता छताचा पंखा दिसायला लागला. चपला काढल्याचा आवाज आला, दप्तर टाकल्याचा आवाज आला. मुलगी काहीतरी हिंदीत सांगत होती, शाळेतल्या कुणाबद्दल, भराभर, आणि मधेच मराठीत भूक लागली म्हणाली.

मग फोनवर वाकून तिचा चेहरा आला, एकदम जवळ. डाव्या कोपऱ्याला पांढरी बारीक रेघ होती. माहीत असलेल्यालाच दिसली असती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आई, कोणाय हे?"

"मेस्त्रीमामा," आतून सून म्हणाली. "आपल्या तिकडचे."

"अच्छा," ती म्हणाली, आणि खायला गेली. मी पंखा बघत थोडा वेळ थांबलो. तो हळू फिरत होता, त्याचं एक पातं किंचित खाली होतं आणि पंखा थरथरत होता. सून परत आली तेव्हा मी तिला तेच सांगितलं, की पंख्याचा बोल्ट कुणाकडून तरी आवळून घे. ती बरं म्हणाली.